बालवयातील दंतक्षय आणि जीवाणूंची भूमिका : नवी मुंबईच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

सहा वर्षांखालील बालकांचे दुधाचे दात किडणे ही घटना आपल्या समाजात इतकी परिचित आहे की तिला आजार मानण्याची गरजही सहसा वाटत नाही. 'हे दात पडणारच आहेत' या समजुतीमुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते. लक्ष गेलेच तर दोष कधी चॉकलेटला, कधी आनुवंशिकतेला, तर कधी आईला दिला जातो. प्रत्यक्षात बालवयातील दंतक्षय हा जीवाणूंच्या सहभागाशिवाय न होणारा, परंतु केवळ जीवाणूंमुळेही न होणारा आजार आहे. प्रस्तुत लेखात या आजारातील जीवाणूंची भूमिका स्पष्ट करून, तिच्या आधारे प्रतिबंधाची योग्य वेळ व योग्य जागा कोणती, याचा नवी मुंबईच्या संदर्भात विचार केला आहे.

बीजशब्द : दंतक्षय, दुधाचे दात, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, प्लाक, सुक्रोज, फ्लोराइड, अंगणवाडी, नवी मुंबई.

१. प्रस्तावना

मानवाच्या मुखात सुमारे सातशे प्रकारचे जीवाणू आढळतात. त्यांपैकी बहुसंख्य निरुपद्रवी असून काही तर उपकारकही आहेत. मात्र त्यांतील काही मोजके जीवाणू विशिष्ट परिस्थितीत दातांचा नाश घडवून आणतात. या प्रक्रियेचा सर्वाधिक फटका ज्यांना बसतो, तो वर्ग म्हणजे आपले दुखणे शब्दांत सांगू न शकणारी लहान मुले होय.

एखाद्या बालकाच्या वयाला ७१ महिने पूर्ण होईपर्यंत त्याच्या दुधाच्या दातांपैकी एकाही दाताचा पृष्ठभाग किडलेला, किडीमुळे गमावलेला किंवा भरलेला असेल, तर त्या स्थितीला 'बालवयातील दंतक्षय' असे म्हटले जाते. तीन वर्षांखालील बालकात दाताच्या गुळगुळीत पृष्ठभागावर किडीचे साधे चिन्हही आढळले, तरी ती तीव्र स्वरूपाची अवस्था मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ५१ कोटी ४० लाख बालकांना दुधाच्या दातांची कीड आहे. भारतात २००२-०३ मध्ये भारतीय दंत परिषदेने केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षे वयाच्या सुमारे निम्म्या बालकांत दंतक्षय आढळला होता.

या आकड्यांमागे रात्री रडत उठणारे, एकाच बाजूने चावणारे, कठीण अन्न टाळणारे आणि त्यामुळे वजनात मागे पडणारे मूल असते. दुधाचे सर्व वीस दात एकाच वेळी पडत नाहीत. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत मुखात असतात. तीन वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ म्हणूनच सात-आठ वर्षांचा प्रश्न असते. अकाली गमावलेल्या दाढेची जागा शेजारचे दात व्यापतात आणि कायमच्या दातांची रांग बिघडते. 'पडणारेच दात' हा युक्तिवाद या ठिकाणी निराधार ठरतो.

२. लेखाची उद्दिष्टे

१) दंतक्षयाच्या कारणमीमांसेचा संक्षिप्त ऐतिहासिक मागोवा घेणे.
२) जीवाणू दातांचा क्षय कसा घडवून आणतात, ते विज्ञानेतर विद्याशाखांतील अभ्यासकांनाही समजेल अशा भाषेत स्पष्ट करणे.
३) हे जीवाणू बालकाच्या मुखात केव्हा व कसे प्रवेश करतात, याचे विवेचन करणे.
४) नवी मुंबईसारख्या शहरात प्रतिबंधाच्या कोणत्या शक्यता उपलब्ध आहेत, याचा विचार करणे.

३. दंतकृमीपासून जीवाणूपर्यंत

मराठीत दात 'किडतो' किंवा दाताला 'कीड लागते'. या शब्दप्रयोगात एक प्राचीन कल्पना दडलेली आहे. सुश्रुतसंहितेत दंतगत रोगांच्या यादीत 'कृमिदन्तक' हा रोग सांगितला आहे. दातात खरोखरच अळी असते व तीच दात पोखरते, ही समजूत जगातील अनेक संस्कृतींत आढळते. दातातील कीड बाहेर काढण्यासाठी भुईरिंगणीच्या बियांची धुरी देण्याचा उपाय महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत दीर्घकाळ प्रचलित होता. युरोपात पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दंतकृमीच्या कल्पनेवर प्रश्नचिन्ह उभे केले. त्याही आधी, १६८३ साली, अंतोनी व्हान लेव्हेनहूक या डच संशोधकाने स्वतःच्या दातांवरील पांढरा लेप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातील हालचाल करणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले होते. तथापि, हे जीव आणि दातांची कीड यांचा संबंध जोडला जाण्यास आणखी दोन शतके लागली.

हा संबंध शास्त्रीय पायावर मांडण्याचे श्रेय विलोबी मिलर या अमेरिकी संशोधकाला जाते. बर्लिन येथे काम करीत असताना त्याने काढलेले दात, लाळ आणि निरनिराळे अन्नपदार्थ एकत्र ठेवून प्रयोग केले. पाव किंवा साखर असलेल्या मिश्रणात दातातील खनिजे विरघळली. मांस असलेल्या मिश्रणात तसे घडले नाही. मुखातील जीवाणू पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते, हा सिद्धांत त्याने १८९० साली ग्रंथरूपाने मांडला. पुढे १९२४ साली लंडनमध्ये किलियन क्लार्क या संशोधकाने किडलेल्या दातांतून एक जीवाणू वेगळा केला. त्याचा काहीसा लांबट आकार पाहून हे नेहमीच्या गोलाकार जीवाणूचे बदललेले रूप असावे, असे त्याला वाटले. त्यावरूनच 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स' हे नाव रूढ झाले.

निर्णायक पुरावा मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर मिळाला. १९५४ साली अमेरिकेत ऑरलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णतः जंतुविरहित वातावरणात उंदीर वाढविले. साखरेने युक्त आहार देऊनही या उंदरांचे दात किडले नाहीत. तोच आहार घेणाऱ्या सामान्य उंदरांचे दात मात्र किडले. १९६० साली पॉल कीज यांनी हॅमस्टर या प्राण्यावर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवून दिले की, ज्यांचे दात किडत नाहीत अशा हॅमस्टरांना किडक्या दातांच्या हॅमस्टरांसोबत ठेवले, तर त्यांचेही दात किडू लागतात. दंतक्षय हा एका प्राण्याकडून दुसऱ्या प्राण्याकडे जाऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

मराठीत 'जंत' आणि 'जंतू' हे शब्द एकमेकांच्या किती जवळचे आहेत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. दातात जंत नसतो, जंतू असतो. पण फरक केवळ आकाराचा नाही. अळी बाहेरून येते, दात पोखरते आणि तिला काढून टाकले की प्रश्न संपतो, अशी जुनी कल्पना होती. जीवाणू मात्र मुखातील कायमचे रहिवासी असतात. त्यांना 'काढून टाकणे' शक्य नसते. त्यांचे वर्तन बदलणे तेवढे शक्य असते. दंतक्षयाच्या प्रतिबंधाचा संपूर्ण विचार या एका फरकावर आधारलेला आहे.

४. जीवाणूंची कार्यपद्धती

दात घासल्यानंतर काही मिनिटांतच त्यांवर लाळेतील प्रथिनांचा एक पातळ थर जमतो. त्या थराला जीवाणू चिकटतात, वाढतात आणि एकमेकांना धरून एक संघटित वस्ती निर्माण करतात. या वस्तीला प्लाक असे म्हणतात. नखाने खरवडले असता दातांवरून निघणारा मऊ, पिवळसर-पांढरा लेप तो हाच.

या वस्तीतील स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सच्या अंगी तीन गुण एकत्र आलेले दिसतात. पहिला गुण म्हणजे चिकटपणा. नेहमीच्या साखरेतील सुक्रोजपासून हा जीवाणू विशिष्ट विकरांच्या साहाय्याने ग्लुकन नावाचा चिकट, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार करतो. बांधकामात विटा जोडण्यासाठी जसे सिमेंट, तसे प्लाकमध्ये हे ग्लुकन कार्य करते. त्यामुळे लाळेला आतपर्यंत पोहोचणे कठीण होते. दुसरा गुण म्हणजे आम्लनिर्मिती. साखरेचे विघटन करून हा जीवाणू मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करतो. तिसरा गुण म्हणजे आम्लसहिष्णुता. ज्या आम्लतेत इतर अनेक जीवाणूंची वाढ खुंटते, तेथे हा आपल्या पेशीतील आम्लकण बाहेर फेकत तग धरून राहतो. म्हणजेच तो स्वतः निर्माण केलेल्या प्रतिकूल परिस्थितीचा स्वतःच लाभार्थी ठरतो. या जीवाणूची संपूर्ण जनुकीय रचना २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत विविध शर्करांचे ग्रहण व विघटन करण्याची विस्तृत क्षमता दिसून आली.

अमेरिकी संशोधक स्टीफन यांनी १९४० च्या दशकात प्लाकमधील आम्लतेचे प्रत्यक्ष मापन केले. साखरेच्या द्रावणाने चूळ भरल्यानंतर अवघ्या काही मिनिटांत प्लाकचा सामू झपाट्याने खाली येतो आणि पूर्ववत होण्यास अर्धा तास ते एक तास लागतो, असे त्यातून आढळले. हा सामू साधारणतः ५.५ च्या खाली गेला की दाताच्या इनॅमलमधील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. सामू वर आला की लाळेतील तीच खनिजे पुन्हा दातात बसू लागतात. दातावर अशी देवाणघेवाण दिवसभर चालू असते. दंतक्षय म्हणजे या व्यवहारात वारंवार होणारा तोटा होय.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. दाताच्या दृष्टीने साखर एकूण किती खाल्ली याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, ती किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे असते. जेवणाबरोबर एकदा खाल्लेला लाडू सामू एकदाच खाली नेतो. तोच ऐवज बिस्किटे, गोळ्या व गोड दूध यांच्या रूपाने दिवसभर थोडा थोडा दिला, तर सामू वर येण्यास अवकाशच मिळत नाही. स्वीडनमधील विपेहोल्म येथे १९४५ नंतरच्या काळात झालेल्या अभ्यासातही दोन जेवणांच्या मधल्या वेळेत खाल्लेली चिकट मिठाई सर्वाधिक घातक असल्याचे दिसून आले. हा अभ्यास एका संस्थेतील मतिमंद रुग्णांवर, त्यांच्या संमतीविना केला गेला होता. त्यामुळे संशोधनातील नैतिकतेच्या चर्चेत तो आजही निषेधार्ह उदाहरण म्हणून सांगितला जातो.

५. एक जीवाणू की जीवाणूंचा समूह ?

प्रारंभी स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हाच एकमेव गुन्हेगार मानला गेला. पुढील संशोधनाने या चित्रात भर घातली. स्ट्रेप्टोकॉकस सोब्रिनस हा त्याचा निकटचा आप्त तेवढाच आम्लनिर्माता आहे. लॅक्टोबॅसिलस हे जीवाणू कीड सुरू करण्यापेक्षा आधीच पडलेला खड्डा खोल करण्यात अग्रेसर असतात. तीव्र दंतक्षय असलेल्या बालकांत स्कार्डोव्हिया विग्सिए हा जीवाणू आढळत असल्याचे २०११ मध्ये नोंदविले गेले. कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सच्या संगतीत प्लाक अधिक दाट व अधिक आम्लयुक्त करते, असेही दिसून आले आहे. याउलट स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिससारखे काही जीवाणू आम्लता कमी करणारे पदार्थ निर्माण करून दातांचे एक प्रकारे रक्षणच करतात.

या सर्व निरीक्षणांना एका सूत्रात गुंफणारी मांडणी फिलिप मार्श यांनी १९९४ साली केली. त्यांच्या मते दंतक्षय हा परिस्थितीचा तोल बिघडल्याचा परिणाम आहे. मुखात साखर वारंवार आली की आम्लता वाढते. आम्लतेत टिकणारे जीवाणू बहुसंख्य होतात आणि सौम्य जीवाणू मागे हटतात. शेतात पाणी साचून राहिले की पाणथळीतील तण माजते व पीक मरते, त्यासारखाच हा प्रकार होय. तण उपटणे आवश्यक असले, तरी पाण्याचा निचरा केल्याशिवाय ते पुन्हा उगवणारच.

प्रतिजैविकांनी किंवा जंतुनाशक गुळण्यांनी हा आजार कायमचा बरा का होत नाही, याचे उत्तर येथे मिळते. औषधाने जीवाणू कमी झाले तरी साखरेची वारंवारता तीच राहिली, तर तेच जीवाणू पुन्हा वर्चस्व मिळवितात. दंतक्षयावरील लसीचे प्रयत्न अनेक दशके होऊनही अद्याप सार्वत्रिक वापराची लस उपलब्ध झालेली नाही.

६. बालकाच्या मुखात जीवाणूंचा प्रवेश

नवजात बालकाचे मुख जन्मानंतर अल्पावधीतच जीवाणूंनी व्यापले जाते. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सला मात्र स्थिरावण्यासाठी दातांसारखा कठीण पृष्ठभाग विशेष अनुकूल ठरतो. पेज कॉफील्ड व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालकांना हा जीवाणू साधारणतः १९ ते ३१ महिन्यांच्या दरम्यान प्राप्त होत असल्याचे दिसले. याच काळात दुधाच्या दाढा उगवत असतात. नंतरच्या अभ्यासांत दात येण्यापूर्वीही, जिभेच्या खाचांत, हा जीवाणू काही बालकांत सापडला. तेव्हा विशिष्ट कालखंडाची सीमारेषा पूर्वी वाटली तितकी काटेकोर नाही. पण पहिली दोन-अडीच वर्षे निर्णायक असतात, याविषयी दुमत नाही. जितक्या लवकर व जितक्या मोठ्या संख्येने हे जीवाणू स्थिरावतात, तितका पुढील किडीचा धोका अधिक असतो.

जीवाणूंचा प्रवेश लाळेच्या माध्यमातून होतो आणि बहुधा तो आईकडून होतो, कारण बालकाचा सर्वाधिक सहवास तिच्याशी असतो. घास फुंकून देणे, चमच्याने आधी स्वतः चव पाहणे, कठीण पदार्थ चावून मऊ करून भरवणे, खाली पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून 'स्वच्छ' करणे या कृतींतून लाळ संक्रमित होते. वडील, आजी-आजोबा, भावंडे व पाळणाघरातील इतर मुले यांच्याकडूनही हे जीवाणू येऊ शकतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'आईकडून बाळाला कीड लागते' असे विधान अर्धवट सांगितले गेले, तर त्याचा परिणाम आईला दोषी ठरविण्यात होतो. बाळाचे मुके घेऊ नका, त्याला भरवू नका, असा उपदेश अव्यवहार्य आहे आणि अन्यायकारकही. स्वीडनमध्ये कोलर व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासांनी वेगळी दिशा दाखविली. ज्या मातांच्या मुखातील या जीवाणूंचे प्रमाण अधिक होते, त्यांच्या दातांवर उपचार करून व आहारविषयक सल्ला देऊन ते कमी केले असता, त्यांच्या बालकांत हे जीवाणू उशिरा व कमी प्रमाणात आढळले. यातून निघणारा धडा असा की, आईला बाळापासून दूर ठेवण्यात नव्हे, तर आईच्या दातांवर वेळीच उपचार करण्यात बाळाचे हित आहे. आपल्याकडे गरोदरपणात रक्त, लघवी व वजन तपासले जाते. दात मात्र क्वचितच पाहिले जातात. मिश्री लावण्याची सवय असलेल्या किंवा हिरड्यांच्या दुखण्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केलेल्या स्त्रियांच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते.

७. दुधाचे दात अधिक असुरक्षित का ?

दुधाच्या दातांवरील इनॅमलचा थर कायमच्या दातांच्या तुलनेत सुमारे निम्म्या जाडीचा असतो. आतील मगजाचा भाग तुलनेने मोठा व पृष्ठभागाच्या जवळ असतो. त्यामुळे पांढऱ्या डागापासून असह्य वेदनेपर्यंतचा प्रवास काही महिन्यांतच पूर्ण होऊ शकतो.

बाटलीतून गोड दूध पीत झोपणाऱ्या बालकांत किडीचा एक विशिष्ट क्रम दिसतो. वरचे पुढचे दात प्रथम किडतात, त्यानंतर दाढा. खालचे पुढचे दात मात्र बहुधा सुरक्षित राहतात, कारण चोखताना जीभ त्यांच्यावर येते व खालच्या लाळग्रंथींची लाळ त्यांना धूत राहते. झोपेत लाळेचा स्राव मंदावतो. वरच्या दातांभोवती साचलेले गोड दूध त्यामुळे रात्रभर जीवाणूंच्या उपयोगी पडते.

स्तनपानाविषयी येथे गैरसमज होऊ नये. पहिल्या वर्षातील स्तनपान दातांसाठी हितकारकच आहे आणि दोन वर्षे वा त्यापुढेही ते चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दात आल्यानंतर त्यांची स्वच्छता होत नसेल, इतर गोड पदार्थही वारंवार दिले जात असतील आणि एक वर्षानंतरही रात्रभर स्तनपान चालू असेल, तर मात्र धोका वाढतो. उपाय स्तनपान थांबविणे हा नसून दात स्वच्छ ठेवणे व वरून दिली जाणारी साखर टाळणे हा आहे.

आपल्या घरगुती परंपरांकडेही या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. बाळाला मधाचे बोट चाटवणे, बाळगुटी मधात उगाळणे, चोखणी मधात बुडवून देणे हे सर्व मायेपोटी घडते. एक वर्षाखालील बाळाला मध देणे इतर वैद्यकीय कारणांसाठीही वर्ज्य मानले जाते. साखरेऐवजी गूळ दिला तर दात किडत नाहीत, हा समजही निराधार आहे. गुळाचाही मुख्य घटक सुक्रोजच असतो आणि तो दातांना अधिक चिकटतो. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात बोरे, ऊस व चुरमुरे यांच्या जागी आता चॉकलेट व गोळ्यांची उधळण होते. वर्षातून एकदा होणारा हा सोहळा किडीला कारण ठरत नाही. पण त्यानंतर घरात साठलेली चॉकलेटे महिनाभर रोज दिली गेली, तर ठरू शकतात. दीर्घकाळ दिली जाणारी गोड औषधी सिरपे हाही असाच दुर्लक्षित घटक आहे.

८. नवी मुंबईचा संदर्भ

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेले आणि १ जानेवारी १९९२ पासून स्वतःची महानगरपालिका असलेले नवी मुंबई हे नियोजित शहर म्हणून ओळखले जाते. दंतवैद्यकीय शिक्षणाच्या दृष्टीने हा परिसर विलक्षण संपन्न आहे. नेरुळ येथील डी. वाय. पाटील व तेरणा, सी.बी.डी. बेलापूर येथील भारती विद्यापीठ, खारघर येथील येरळा मेडिकल ट्रस्ट आणि कामोठे येथील एमजीएम अशी पाच दंत महाविद्यालये काही किलोमीटरांच्या अंतरात आहेत. इतकी सुविधा राज्यातील फारच थोड्या शहरांना लाभली आहे.

याच शहरात सिडकोच्या नियोजित वसाहतींबरोबर आगरी-कोळी समाजाची मूळ गावे, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यालगतच्या वस्त्या, बाजार समितीत राबणाऱ्या माथाडी कामगारांची घरे आणि बांधकामाबरोबर जागा बदलणारी मजुरांची कुटुंबेही आहेत. आई-वडील दोघेही नोकरी करणाऱ्या घरांत मूल पाळणाघरात असते, तर मजुरांच्या घरांत ते मोठ्या भावंडाच्या स्वाधीन असते. दोन्ही ठिकाणी मूल रडू लागले की हाती येणारी वस्तू बहुधा सारखीच असते : बिस्किटाचा स्वस्त पुडा. वर्ग भिन्न असले तरी साखरेची वारंवारता समान होते. भेद पडतो तो पुढे, उपचाराच्या टप्प्यावर. एका घरातील मूल खासगी दवाखान्यात जाते. दुसऱ्या घरातील मुलाचे दात दुखून दुखून अखेर काढावे लागतात. अगदी लहान मुलाचे अनेक दात किडले असतील तर संपूर्ण भूल देऊन उपचार करण्याची वेळ येते. हा खर्च व धोका दोन्ही घरांना जड जाणारा असतो.

पाण्याचा मुद्दाही येथे प्रस्तुत आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराइडचे आधिक्य असून तेथे दातांवर डाग पडण्याचा प्रश्न आहे. नवी मुंबईला मात्र मुख्यतः खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी मिळते. अशा पृष्ठजलात फ्लोराइडचे प्रमाण सामान्यतः अल्प असते. त्यामुळे येथील बालकांच्या दृष्टीने फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचे महत्त्व अधिक ठरते.

प्रश्न दवाखान्यांच्या अभावाचा नसून वेळेचा आहे. दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मूल पोहोचते ते दुखू लागल्यावर, म्हणजे बहुधा तीन-चार वर्षांचे झाल्यावर. जीवाणूंचे वर्चस्व मात्र त्याआधीच, पहिल्या दोन-अडीच वर्षांत, प्रस्थापित झालेले असते. या वयात बालकाला नियमितपणे पाहणाऱ्या व्यक्ती दंतवैद्य नसतात. त्या असतात लसीकरण करणारी परिचारिका, आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू असलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचे जाळे याच वयोगटासाठी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. या कार्यक्रमात तपासावयाच्या आजारांच्या यादीत दंतक्षयाचा स्पष्ट उल्लेख असून अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. चौकट उपलब्ध आहे. तिच्यात दातांना प्रत्यक्ष स्थान मिळणे बाकी आहे.

९. प्रतिबंधाची दिशा

वरील विवेचनाच्या आधारे पुढील उपाय सुचविता येतील.

१) पहिला दात दिसताच, म्हणजे साधारणतः सहाव्या महिन्यापासून, स्वच्छतेस प्रारंभ करावा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी व त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरून दिवसातून दोनदा, विशेषतः झोपण्यापूर्वी, मोठ्यांनीच बालकाचे दात घासावेत. फ्लोराइड इनॅमलला आम्लरोधक बनविते व जीवाणूंच्या आम्लनिर्मितीलाही अटकाव करते. टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण सुमारे १००० पीपीएम असावे. भारतीय नियमांनुसार कमाल मर्यादाही तीच आहे. राखुंडी किंवा खरखरीत दंतमंजन दुधाच्या दातांना अपायकारक ठरते.

२) बाटलीत साखर घालू नये व बाटली तोंडात ठेवून बालकाला झोपवू नये. दोन जेवणांच्या मधल्या वेळेत बिस्किटांऐवजी फळ, चणे, शेंगदाण्याचे कूट घातलेले पदार्थ किंवा भाकरी-पोळीचा तुकडा वयानुसार द्यावा. आहारातील मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी व शक्य तर पाच टक्क्यांहून कमी असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस आहे.

३) गरोदर व स्तनदा मातांची दंततपासणी प्रसूतिपूर्व सेवेचा भाग व्हावी.

४) अंगणवाडी सेविकांना 'ओठ उचलून पाहणे' ही साधी तपासणी शिकवावी. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला, तर ती किडीची पहिली अवस्था होय. या अवस्थेत खड्डा पडलेला नसतो आणि फ्लोराइडच्या लेपाने व आहारबदलाने ती पूर्ववत होऊ शकते. तपकिरी खड्डा पडल्यानंतर हे शक्य राहत नाही.

५) खड्डा पडलेल्या दातांसाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावण उपयुक्त आहे. ते लावण्यास सुई, भूल वा यंत्र लागत नाही. त्यामुळे किडलेला भाग काळा पडतो, याची पालकांना पूर्वकल्पना द्यावी लागते. परंतु कीड थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट व ग्लास आयोनोमर सिमेंट यांच्यासह त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे.

६) शहरातील दंत महाविद्यालयांनी आपापल्या परिसरातील अंगणवाड्या व पाळणाघरे वाटून घेतल्यास विद्यार्थ्यांना सामाजिक दंतवैद्यकाचा अनुभव मिळेल आणि बालकांना वेळेवर सेवा मिळेल. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांनाही यात सहभागी होता येईल. गृहविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, समाजशास्त्र व मराठी या विभागांनी मिळून लोकभाषेतील प्रबोधन साहित्य तयार करणे हा आंतरविद्याशाखीय उपक्रम ठरू शकेल.

१०. समारोप

दंतक्षयात जीवाणूंची भूमिका अनिवार्य आहे. पण ती एकाकी नाही. जीवाणू, दात, साखर आणि वेळ हे चार घटक एकत्र आल्याशिवाय कीड लागत नाही. जीवाणू पूर्णतः टाळता येत नाहीत आणि दात बदलता येत नाहीत. हाती उरतात ते साखर आणि वेळ हे दोन घटक. त्यांपैकी साखरेचा निर्णय घरात होतो. वेळेचा निर्णय मात्र आरोग्यव्यवस्था व शिक्षणसंस्था यांनी घ्यावयाचा आहे. किडीचा विचार मूल दुखण्याने रडू लागल्यावर सुरू करावयाचा की त्याचा पहिला दात दिसल्यावर, यावर बरेच काही अवलंबून आहे. पाच दंत महाविद्यालये असलेल्या परिसरात अंगणवाडीतील मुलाचा ओठ उचलून पाहण्यास अर्धा मिनिट लागतो. तेवढा वेळ योग्य वयात दिला गेला, तर पुढील अनेक वेदना टाळता येतील.